पाहुण्याचं पान

नाना, काल मांडव सुटला. झाली शताब्दी एकदाची. तुम्ही असतात तर आज सकाळी दारातल्या पत्र्याखाली खुर्ची टाकून, बशीतला चहा फुंकत कार्यक्रमाची चिरफाड केली असतीत. माइक कसा शिट्ट्या मारत होता, पाहुण्यांचं भाषण कसं लांबलं, हारातली फुलं कशी शिळी होती. तहसीलात जन्म गेला तुमचा. हरकत घेतल्याशिवाय चहा गोड लागायचा नाही तुम्हाला. आज खुर्ची तिथंच आहे. मोठ्याईनं ती उचलली नाही आणि मीही उचलली नाही.

तुम्हाला जाऊन महिना होत आला. श्रावण सरता सरता, भर दुपारी गेलात. बाया म्हणतात, पोरी, एकदा मोकळी हो, रडून घे. पण मला रडू येण्याऐवजी सारखं मागं वळून बघावंसं वाटतं. कशासाठी, ते तुमच्याशिवाय कुणाला सांगणार? म्हणून लिहायला बसले आहे. जे तुम्हाला माहीत आहे तेही सांगते, कारण शेवटी शेवटी तुम्हाला काय माहीत होतं आणि काय नव्हतं, याचा मला भरवसा उरला नव्हता.

शंभर वर्षांमागं, निजामाच्या अमलात, दुष्काळाच्या साली जहागीरदाराची माणसं आपल्या जुन्या गावात धान्य न्यायला आली. धान्य तेव्हा पेवात असायचं, जमिनीच्या पोटात खणलेल्या खोल खड्ड्यांत. लोक निमूटपणे गेले आणि पेवांच्या तोंडावर मांडी घालून बसले. हातात साधी काठी नव्हती. वरून गोळ्या झाडल्या. सहा जण बसल्या जागी गेले. त्यातले पाच गावचे. सहावा कोण होता ते कुणालाच ठाऊक नाही, आणि त्याला कारण आपलं घर.

तो वाटसरू होता. दुपारी आपल्या दारात येऊन टेकला. तुमच्या आज्यानं त्याला पाय धुवायला पाणी दिलं, पान वाढलं. आपल्याकडची रीत अशी की दारात आलेला माणूस जेवून उठेपर्यंत त्याला नाव-गाव विचारायचं नाही. आधी विचारलं तर माणूस बघून भाकरी वाढल्यासारखं होतं. तो निम्मा जेवला असेल-नसेल, तेवढ्यात बाहेर गलका झाला. तो पानावरून उठला, दाराशी उभा राहून त्यानं कानोसा घेतला, आणि तसाच उष्ट्या हातानं जाऊन गावकऱ्यांच्या रांगेत पेवावर बसला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. त्याचं धान्यही नव्हतं तिथं. नाव विचारायचं राहिलं ते राहिलंच.

ही गोष्ट तुम्ही मला भरवताना सांगायचात. भूकंपात आई-बाबा गेले आणि मी तुम्हा आजा-आजीच्या पदरात आले तेव्हा केवढीशी होते. मी जेवायचीच नाही म्हणे. मग तुम्ही मांडीवर घेऊन घास करायचात आणि म्हणायचात, "संपव बाय. आपल्या घरात एकदा अर्धं पान राहिलंय, तेवढं बास हाय." पत्र्याच्या शेडमध्ये, भूकंपानंतरच्या त्या दिवसांत, तुम्ही स्वतः काय खाल्लंत हे मी कधी विचारलं नाही. लहान होते, सुचलं नाही. मोठी झाले तेव्हा विचारायची लाज वाटली. मला त्या गोष्टीची भीतीही वाटायची, नाना. दाराकडं पाठ करून मी कधी जेवले नाही, अजूनही जेवत नाही.

मग शताब्दीची समिती झाली. सरपंच अध्यक्ष, शाळेतली बाई म्हणून मी चिटणीस, आणि तुम्ही हरकतदार. तसं पद नव्हतं, पण काम तेच केलंत. बॅनरवर 'शेतकऱ्यांचा उठाव' असं लिहिलेलं बघून तुम्ही पहिल्याच बैठकीत म्हणालात, "उठाव कसला? बसले हुते की ते!" सरपंचांनी कपाळाला हात लावला. मला लेझीम हवं होतं, पोरांचं नाटुकलं हवं होतं, धाराशिवहून कुणी प्राध्यापक आणून त्यांचं व्याख्यान हवं होतं. ड्रोनवाल्याला तर सरपंचांनी विसार देऊनच ठेवला होता. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "भुकेवरनं मेली ती माणसं. त्यांला भाषण काय वाढताव? जेवायला घाला."

त्यावरून आपलं किती वाजलं! मी शाळेत विज्ञान शिकवते, मेलेली माणसं जेवत नाहीत असं मी म्हणाले. तुम्ही म्हणालात, "जेवत न्हाईत तर दरसाल पितराला खीर कशापायी करतीस?" मी म्हणाले, मोठ्याई करते, मी खाते. तुम्ही हसलात, पण हेका सोडला नाहीत. शेवटी समितीत तुमचंच चाललं. सर्वपित्री अमावस्येला, जुन्या गावात, पेवांपाशीच पितरांची पंगत बसवायची. घरोघरी करतो तसंच करायचं: मेलेल्या माणसाच्या नावानं एक जिता माणूस बसवायचा, त्याचे पाय धुवायचे, गंध लावायचं, मेलेल्याचं नाव घेऊन हाक मारायची, त्यानं 'आलो' म्हणायचं, आणि पोटभर जेवायचं. तो जेवला की ज्याचं त्याला पोचतं. पाच घरांतून पाच जण ठरले. सहाव्या पानावर तुम्ही. "आपल्या घरचा पाहुणा हाय, मीच बसनार," म्हणालात. वर आणखी म्हणालात, "त्याचं जेवण हुंदे एकदाचं. मग नाव इचारू. दगडावर घालायला नाव नको का?"

स्मृतिशिळेवर पाच नावं कोरून झाली होती. सहाव्या ओळीत सरपंचांना 'अज्ञात वीर' घालायचं होतं. तुम्ही घालू दिलं नाहीत.

आता तालमीचं. जिल्ह्याहून साहेब येणार म्हटल्यावर सरपंचांना सगळं घड्याळावर बसवायचं होतं, म्हणून वैशाखात रंगीत तालीम ठेवली. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. कुणालाच दिसलं नाही. भर उन्हात आपण जुन्या गावात गेलो. भूकंपानंतर तिथं कोण जातं? नुसते दगडांचे ढीग, त्यांतून वर आलेल्या बाभळी, कुठं एखादा उंबरा, त्याला ना घर ना दार. आपला उंबरा तुम्ही मला लांबून दाखवलात, मी जवळ गेले नाही. पेवांची तोंडं फरशा टाकून बुजवली आहेत, तरी त्यांवर पाय दिला की खालून पोकळ आवाज येतो. तिथं सहा पत्रावळी मांडल्या. रिकाम्या. तालमीला कोण स्वयंपाक करणार?

सरपंचांनी माइकवर एकेक नाव घेतलं. पहिले पाच जण 'आलो' म्हणाले, कुणी दात काढले, एकानं मोबाइल बघत बघत म्हटलं. मग सरपंच म्हणाले, "देशमुखांच्या घरचे पाहुणे." तुम्ही 'आलो' म्हणालात. नाना, तुमचा आवाज मी जन्मभर ऐकला. तो तुमचाच होता. पण तो तुमच्या पत्रावळीपासून आला नाही. तो आला मागून, आपल्या त्या उंबऱ्याकडून. मी वळून बघितलं, तिथं ऊन होतं. बाकी कुणी वळलं नाही. बाकीच्यांनी हात तोंडाशी नेऊन जेवल्याची सोंगं केली, हसले, उठले. तुम्ही उठला नाहीत. रिकाम्या पत्रावळीकडं बघत बसलात.

मोठ्याई पाण्याची कळशी घेऊन आली होती, ती तिथंच किंचाळली. "काय करायलाव हे तुमी? नाव घिऊन बोलावलाव आन् रिकाम्या पत्रावळीवरनं उठवायलाव?" सरपंच म्हणाले, "काकू, तालीम हाय ही." मोठ्याई म्हणाली, "तुमच्यासाठी तालीम. त्यांला कोन सांगितलंय?"

डब्यातलं काही तरी वाढावं असं कुणाच्या मनात आलं असेल, पण डबाच नव्हता. आपण ट्रॅक्टरमध्ये बसून नव्या गावात आलो. वाटेत तुम्ही एकच वाक्य बोललात. "भूक लागली गं."

त्यानंतरचे चार महिने मला सलग आठवत नाहीत, तुकडे आठवतात. एक भाकरी खाणारे तुम्ही चार-चार मागायला लागलात आणि वाळत गेलात. सोलापूरच्या डॉक्टरांनी पोटात गाठ सांगितली. मी विचारलं, गाठीनं भूक मरते ना? ते म्हणाले, माणसागणिक वेगळं असतं. मला ते पटवून घ्यायचं होतं, मी घेतलं. पण त्याच दवाखान्यात, खिडकीतल्या मुलीनं केसपेपर काढताना "बाबा, नाव?" असं विचारलं तेव्हा तुम्ही काय म्हणालात? "जेवन व्हायचंय अजून." ती मुलगी हसली. तुमचं नाव मीच सांगितलं.

घरी तुम्ही नेमके अर्ध्या पानावरून उठायला लागलात. भाकरी अर्धी, भाजी अर्धी. उष्ट्या हातानं दाराशी जाऊन कान देऊन उभे राहायचात. बाहेर काही नसायचं. कधी एखादी मोटारसायकल, कधी तेही नाही. मी म्हणायची, नाना, या, बसा. तुम्ही माझ्याकडं इतक्या सभ्यपणे बघायचात! परक्याच्या लेकीकडं बघावं तसं. एकदा भर दुपारी मोठ्याई चुलीपाशी होती आणि तुम्ही बाहेरून हाक मारलीत, "घरात हाय का कुनी? वाईच पानी मिळंल का, बाई?" पन्नास वर्षं संसार केलेल्या बायकोला. मोठ्याईनं पदर डोक्यावर घेतला, तांब्या भरून नेला, पाय धुवायला पाणी ओतलं. मी मात्र चिडले. तुमच्यापुढं उभी राहून म्हणाले, नाना, तुम्ही नाना आहात, हे तुमचंच घर आहे. तुम्ही मान हलवलीत आणि म्हणालात, "तुमचं चांगलं हुईल."

आपलं भांडण तिथंच अडकून पडलं. मेलेली माणसं येतात की नाही, हे तुम्ही मला पटवून देणार होतात आणि मी तुम्हाला खोडून काढणार होते. तुम्ही उत्तर न देता दुसऱ्याच कुणाला तरी पुढं करून निघून गेलात. शेवटच्या दुपारीही तुम्ही पानावर होतात. मोठ्याईनं दुसरी भाकरी वाढली, तुम्ही उठलात, दाराच्या चौकटीला हात धरलात आणि तसेच खाली बसलात. पान अर्धं राहिलं.

तेरावं झाल्यावर समितीची बैठक आपल्याच दारात झाली, म्हणजे मोठ्याईला कुठं जावं लागू नये. चांगले वागले सगळे. पण मूळ विषयावर आले तेव्हा सरपंच चपलेच्या अंगठ्याकडं बघत म्हणाले, "सहाव्या पानाचं राहू द्या की. दगडावर नाव टाकू कायतरी." मी विचारलं, का? पाचही जण आपापल्या पितराला बसायला तयार, त्यांच्या घरचं होतं ते. सहाव्या पानावर जो बसला त्याचं काय झालं, ते सगळ्यांनी बघितलं होतं. उरलेल्यांतला एक म्हणाला, माझी शुगर वाढलीय. एकाची त्याच दिवशी लातूरला तारीख निघाली.

मला राग आला, नाना. तुमचा सगळा हट्ट एवढ्यासाठीच होता. बाकी लेझीम, ड्रोन, व्याख्यान, सगळं तुम्ही सोडून दिलं होतंत. शंभर वर्षांनी त्या माणसाला आपण हाक मारून पानावर बसवलं आणि पुन्हा उपाशी उठवलं, आणि आता त्याचं पानच काढून टाकायचं? मग तुम्ही कशासाठी वाळत गेलात? मी म्हणाले, "मी बसते."

आणि मग जे झालं ते बघायला तुम्ही हवे होतात. बाईमाणूस पितर म्हणून बसत नाही, हे मला हेच लोक लहानपणापासून सांगत आलेले. शिवाय घरात वर्ष व्हायचंय, सुतकाच्या घरचं माणूस पंगतीला चालत नाही. मी सगळ्या हरकतींची उत्तरं तयार ठेवली होती. एकही हरकत आली नाही! "चालतंय की, काळ बदललाय," सरपंच म्हणाले. "बाई काय आन् गडी काय," लातूरच्या तारखेवाला म्हणाला. इतके सुधारलेले पुरुष मी आपल्या गावात कधी बघितले नव्हते. मला हसू फुटलं आणि मी सवयीनं तुमच्या खुर्चीकडं बघितलं.

मोठ्याई आतून म्हणाली, "बस तू. पर वाढनार म्या."

काल आभाळ भरलेलं होतं, पण पाऊस आला नाही. पंगत बसली. साहेब, सरपंच, शाळेची पोरं, सगळं घड्याळाप्रमाणं. मोठ्याईनं पहाटेपासून केलेलं सगळं जुन्या गावात नेलं होतं: खीर, वडे, कढी, गवार-भोपळ्याची भाजी, ज्वारीच्या भाकरी. तिनं माझे पाय धुतले. मी पाय मागं घेतले, तर तिनं घोटा घट्ट धरून ठेवला. नाव पुकारलं, मी 'आले' म्हणाले, आवाज माझ्याच तोंडून आला, तेव्हा कुठं श्वास सुटला.

जेवायला लागले आणि भूक अशी लागली की मला माझीच लाज वाटली. दोन भाकऱ्या कधी गेल्या कळलं नाही. पान निम्मं झालं असेल, तेवढ्यात पोरांनी हलगी वाजवायला सुरुवात केली, त्यांची वेळ झाली होती. आणि माझे पाय उठले. मी उठवले नाहीत, नाना. मांडी सुटली, हात जमिनीला टेकला. अंगठ्याखाली ती फरशी पोकळ वाजली. मला फक्त जायचं होतं, तिकडं, सगळे बसले असतील तिथं.

मोठ्याईचा हात खांद्यावर पडला. "बसा," ती म्हणाली. "जेवून जावा." मला, जिला ती आजवर 'अगं'शिवाय बोलली नाही. मी खाली बसले. खीर संपवली, भाजीचा शेवटचा घास पुसून घेतला. पानात काही राहिलं नाही. तिनं माझ्या हातावर पाणी घातलं आणि माझ्यासमोर बसून, पदर सावरून, सगळ्या गावादेखत विचारलं, "आता सांगा. नाव काय तुमचं?"

मी गप्प राहायचं ठरवलं होतं. खोटं नाव कशाला द्यायचं? पण माझ्या तोंडून तुमचं नाव आलं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट.

"गाव?"

"हेच."

साहेबांना तो कार्यक्रमाचा भाग वाटला. त्यांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून सगळ्यांनी वाजवल्या. सरपंचांनी तेवढ्या वाजवल्या नाहीत. शिळेवरची सहावी ओळ आम्ही कोरीच ठेवली आहे. त्या माणसाचं नाव आपल्याला कळलेलं नाही आणि आता कळेलसं वाटत नाही. तो जेवून गेला, एवढं मी शपथेवर सांगेन. आणि तो उठून गेल्यावर त्या जागी तुम्ही होतात, तुमच्या नावानिशी. विज्ञानाच्या बाईला यापुढं काही विचारू नका. वाद तुम्ही जिंकलात, पण असा जिंकायचा नव्हता.

नाना, मला वाढवलंत त्याबद्दल मी कधी काही बोलले नाही. आपल्या घरात तसं बोलत नाहीत. आज बोलते. तुमच्या मांडीवर मी पोटभर जेवले.

पंगत उठली, पत्रावळी गोळा करायला पोरं आली. माझी पत्रावळ उचलायला गेली तर मोठ्याईनं हात आडवा केला. तुम्ही गेल्यापासून तिनं बसून असं खाल्लं नव्हतं, चुलीपाशी उभ्यानंच काय ते. ती माझ्या जागेवर बसली, ती उष्टी पत्रावळ पुढं ओढली, आणि तिच्यावरच स्वतःला भाकरी वाढून घेतली. आयुष्यभर तुमच्या मागून, तुमच्याच पानावर बसायची, तशी.

मी तिच्या बाजूला बसून राहिले. ती सावकाश जेवत होती.